आत घेतलं, पण बसवलं कुठे?

'माझं मंदिर सर्व राष्ट्रांचं प्रार्थनामंदिर म्हणवलं जाईल' हे बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या छप्पन्नाव्या अध्यायातलं वाक्य निर्वासितांच्या आणि स्थलांतरितांच्या वादात नेहमी पुढे केलं जातं. समोरच्या बाजूलाही बायबलच सापडतं. 2017 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या सकाळी झालेल्या उपासनेत प्रवचनकाराने नहेम्याने बांधलेल्या यरुशलेमेच्या तटबंदीचा दाखला दिला होता: देव भिंतींच्या विरोधात नसतो, असा त्याचा सूर. मराठीत हा वाद वेगळ्या कपड्यांत येतो. एक बाजू म्हणते, जुना करार म्हणजे एका जमातीचा देव आणि नवा करार म्हणजे साऱ्या जगाचा. येशूने दार उघडलं, संपलं. दुसरी बाजू म्हणते, असलं सर्वसमावेशक वगैरे काही नसतं. बाहेरच्याला घ्यायचं ते स्वतःचं सोडून दिलं तरच, म्हणजे हे निव्वळ धर्मांतराचं आमंत्रण. दोन्ही बाजू भांडतात ती दारावर: ते किती उघडं ठेवायचं आणि कुणाला. पण ही भविष्यवचनं नीट वाचली तर त्यांचा खरा रोख दारावर नाही. परक्याला अंगणात येऊ देणं यशयाच्या आधीही होतं. नवं होतं ते हे की, आत आलेल्याचा दर्जा घरच्याइतकाच. आणि ज्यांनी ज्यांनी ही वचनं पुढे मिरवली, त्यांतले बहुतेक जण दारात नव्हे, आतल्या बैठकीच्या जागेवरच अडखळले आहेत.

आधी मूळ मामला काय होता ते पाहू. 'अनुवाद' या नियमशास्त्राच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात 'परमेश्वराच्या मंडळीत' कुणाला घ्यायचं नाही याची यादी आहे. अंडकोश ठेचलेला किंवा लिंग छेदलेला पुरुष नको. निषिद्ध संबंधातून जन्मलेला नको, त्याची दहावी पिढीही नको. अम्मोनी आणि मवाबी तर दहाव्या पिढीपर्यंतही नकोत, आणि कारणही दिलं आहे: मिसरातून येताना त्यांनी अन्नपाणी घेऊन सामोरं येण्याचं सौजन्य दाखवलं नाही, उलट शाप देण्यासाठी बलामाला पैसे देऊन बोलावलं. अदोमी आणि मिसरी यांना मात्र तिसऱ्या पिढीत प्रवेश. म्हणजे सरसकट बंदी नाही. जुना हिशेब, पिढ्यांची मोजदाद आणि त्यानुसार ठरवलेली पायरी. दुसरीकडे, परक्याने मंदिरात अर्पण आणायला मुळात मनाई नव्हतीच. 'गणना' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात देशवासी आणि उपरा यांना अर्पणाचा एकच नियम आहे. दूर देशाहून येऊन प्रार्थना करणाऱ्या परक्याचंही ऐक, असं शलमोनाने मंदिराच्या समर्पणाच्या वेळीच मागितलं होतं. 'जुन्या करारात परक्याला जागाच नव्हती' हे म्हणणं म्हणूनच पहिल्या पायरीवर कोसळतं. जागा होती. ती पाहुण्याची होती.

आता यशया छप्पन्न. तिथे दोन माणसं बोलतात. परराष्ट्रीय म्हणतो, 'परमेश्वर मला आपल्या लोकांतून नक्की वेगळा काढील.' षंढ म्हणतो, 'मी तर वाळलेलं झाड.' दोघांनाही उत्तर मिळतं, आणि ते सांत्वनाचं नाही, निवाड्याचं आहे. षंढाला मंदिराच्या भिंतींच्या आत स्मारक आणि मुलामुलींपेक्षा सरस, कधी न पुसणारं नाव. परराष्ट्रीयाला पवित्र पर्वतावर प्रवेश, मंदिरात आनंद, आणि त्याची होमार्पणं वेदीवर मान्य. अनुवादाने ज्या माणसाला मंडळीबाहेर ठेवलं, नेमक्या त्याच माणसाचं नाव घेऊन हा निवाडा दिला आहे. ही कविकल्पना असती तर इतक्या अडचणीच्या तपशिलात शिरण्याची गरज नव्हती. 'सगळे देवाची लेकरं' एवढं म्हणून भागलं असतं. पण संदेष्ट्याने कायद्यातली एक नोंद उचलली आणि तिच्यावर दुसरी नोंद लिहिली.

यावरचा पहिला आक्षेप मजबूत आहे, तो टाळून चालणार नाही. निवाड्याला अटी आहेत. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळायचा, तो भ्रष्ट करायचा नाही, करार धरून राहायचं. मग हे स्वागत कसलं? 'आमच्यासारखे व्हा, मग या' असंच ना? उदारमतवादी वाचक या अटी गाळून उरलेलं वाक्य फलकावर लिहितात, ही लबाडी आहे आणि ती मान्य करायला हवी. पण अटी कुणासाठी आहेत ते पाहा. अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात, परक्याचा उल्लेख येण्याआधी, 'हे आचरणारा तो मनुष्य धन्य' म्हणून तीच शब्बाथाची अट घातली आहे, आणि ती कुणालाही लागू आहे. घरात जन्मलेल्यालासुद्धा. परक्यावर जादा अट एकही नाही. पिढ्या मोजायच्या नाहीत, आईचं गाव विचारायचं नाही. जन्माच्या निकषाच्या जागी वर्तनाचा निकष आला, आणि तो दोघांना सारखा. अट असणं म्हणजे भेदभाव नव्हे; एकाला एक आणि दुसऱ्याला दोन अटी असणं म्हणजे भेदभाव. हा फरक कळला नाही की वाद भलतीकडे जातो.

दुसरा आक्षेप त्याहून अवघड, कारण तो दार लावणाऱ्यांच्या बाजूने आहे आणि त्यांची बाजू खरोखर आहे. इ.स.पू. 539 मध्ये पर्शियाच्या कोरेश राजाने बाबेल घेतलं, तिथे बंदिवासात नेलेल्या यहूद्यांना परतीची वाट मोकळी झाली, 515 मध्ये मंदिर पुन्हा उभं राहिलं. पण उभं राहिलं ते पर्शियन साम्राज्याच्या एका चिमुकल्या प्रांतात. स्वतःचा राजा नाही, सैन्य नाही, शेजारी सामर्थ्यवान. धर्मशिक्षक एज्रा (परंपरेने 458) आणि प्रांताधिकारी नहेम्या (445) यांच्यापुढचा प्रश्न, 'आपण शंभर वर्षांनी असू का?' हा होता. नहेम्याच्या तेराव्या अध्यायात तो सांगतो की अश्दोदी बायकांशी लग्न केलेल्यांची निम्मी मुलं अश्दोदी बोलत होती, यहूदी भाषा त्यांना येतच नव्हती. भाषा गेली की नियमशास्त्राचं वाचन गेलं, वाचन गेलं की लोक गेले. परदेशी दुसऱ्या पिढीत मराठी टिकवायला रविवारच्या शाळा चालवणाऱ्यांना ही धास्ती समजावून सांगावी लागणार नाही. शिवाय एज्राच्याच सहाव्या अध्यायात वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाचं, भोजन परतलेल्यांबरोबर 'देशातल्या राष्ट्रांची अशुद्धता सोडून आलेल्या' लोकांनीही केलं, अशी नोंद आहे. म्हणजे एज्राला सरळ वंशवादी ठरवून मोकळं होणंही खोटंच.

तरीही त्यांचा उपाय, परक्या बायकांना घालवून देण्याचा, तपासायला हवा. एज्राच्या दहाव्या अध्यायातलं दृश्य असं: नवव्या महिन्याची वीस तारीख, भर पावसाळा. तीन दिवसांची मुदत देऊन सगळे पुरुष यरुशलेमेत बोलावलेले. मंदिरासमोरच्या चौकात ते प्रकरणाच्या धाकाने आणि धो धो पावसाने कुडकुडत बसलेत. लोक म्हणतात, एवढा जमाव, असा पाऊस, बाहेर उभं राहवत नाही, आणि हे काम दोन-एक दिवसांचं नाही. मग समिती नेमली जाते. दहाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला चौकशी सुरू, पहिल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला संपली. तीन महिने. शेवटी शंभरावर नावांची यादी, पहिली नावं याजकांची, आणि अखेरच्या ओळीत एवढंच की यांतल्या काही बायकांना मुलंही होती. त्या बायकांपैकी कुणी शब्बाथ पाळत होती का? विचारल्याची नोंद नाही. चौकशीचा प्रश्न एकच होता, बाई कुठली. वल्हांडणाच्या पंगतीला जो वर्तनाचा निकष चालला तो इथे का चालला नाही?

तोबीयाचं प्रकरण तर याहून बोलकं. हा अम्मोनी, नहेम्याचा कट्टर विरोधक. सोयरिकींमुळे यरुशलेमेच्या प्रतिष्ठितांत त्याचं वजन. एल्याशीब याजकाने मंदिराच्या अंगणातली एक मोठी खोली त्याला दिली, तीही धान्यार्पण, धूप, पात्रं आणि दशमांश ठेवायची कोठी. नहेम्याने परत आल्यावर त्याचं सगळं सामान बाहेर फेकलं, खोली शुद्ध करवली आणि धान्य परत आणून ठेवलं. नहेम्या बरोबरच होता. लेव्यांचा, म्हणजे मंदिराच्या सेवेकऱ्यांचा, हिस्सा बंद पडला होता आणि ते पोटापाण्यासाठी शेतांवर निघून गेले होते. पण गुन्हा काय होता? सत्ता आणि संगनमत. तोबीया अम्मोनी नसून अस्सल यहूदी असता तर कोठी बळकावणं चाललं असतं का? आणि ज्या एल्याशीबाने खोली दिली तो तर खानदानी याजक. संगनमताचा इलाज म्हणून वंशावळ तपासली, की संगनमत करणारा घरचा माणूस जागेवर राहतो आणि निरुपद्रवी मवाबी विधवा बाहेर जाते. अशी एक मवाबी विधवा ग्रंथात आहेच. रूथ, तिचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. 'दहाव्या पिढीपर्यंत नको' हा नियम शब्दशः लावला असता तर इस्राएलाचा आदर्श राजाच तिसऱ्या पिढीत अडकला असता.

यशया छप्पन्न एज्राच्या आधीचं की नंतरचं, यावर अभ्यासकांत एकमत नाही. माझ्या मते त्याने फारसा फरक पडत नाही. भांडण लांबलचक होतं आणि दोन्ही आवाज एकाच ग्रंथात जपले गेले, कधी कधी एकाच पुस्तकात. यहेज्केलाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात मनाने व देहाने बेसुंता परका पवित्रस्थानात येता कामा नये, असा कडक हुकूम. आणि त्याच पुस्तकाच्या सत्तेचाळिसाव्यात, जमिनीची वाटणी करताना, तुमच्यात राहून ज्यांना मुलंबाळं झाली त्या उपऱ्यांनाही चिठ्ठ्या टाकून वतन द्या, ज्या वंशात तो राहतो त्याच वंशात द्या. वेदी नाही, पण सातबाऱ्यावर नाव आहे! आजच्या कुठल्याही देशाचा नागरिकत्व कायदा काढून बघा. जमीन आधी की पूजा आधी हा प्रश्न यहेज्केलाने किती व्यवहारी डोक्याने सोडवला आहे ते लक्षात येईल.

इथे विरोधकांचं सर्वांत टोकदार अस्त्र येतं. यशयाच्याच एकसष्टाव्या अध्यायात परके लोक तुमची मेंढरं चारतील, तुमची शेतं नांगरतील, द्राक्षमळे राखतील, आणि तुम्ही मात्र याजक म्हणवाल. एकोणपन्नासाव्यात राजे तुमच्या पायांची धूळ चाटतील. जखऱ्याच्या चौदाव्यात, मांडवाच्या सणाला यरुशलेमेस न येणाऱ्या राष्ट्रांवर पाऊसच पडणार नाही. हे स्वागत आहे की चाकरी? इथे सारवासारव करू नये. ही वचनं आहेत, आणि ती चिरडलेल्या लोकांची उलट्या न्यायाची गाणी आहेत: काल आम्ही राबलो, उद्या तुम्ही राबाल. मग छप्पन्नला झुकतं माप का द्यायचं? आवडतं म्हणून नव्हे. एक, ते गाणं नाही, विधी ठरवणारा नियम आहे. दोन, पुस्तक संपताना, सहासष्टाव्या अध्यायात, एकसष्टाव्यातली उतरंडच हलते. राष्ट्रांमधून लोक येतील आणि 'त्यांच्यातूनही मी याजक व लेवी नेमीन', असं तिथे म्हटलंय. 'त्यांच्यातूनही' म्हणजे परतणारे यहूदी की त्यांना घेऊन येणारी राष्ट्रं, यावर वाद आहे. पण परतणाऱ्या लेव्यांनाच लेवी नेमण्यात घोषणा करण्यासारखं काय होतं? आणि एकोणिसाव्या अध्यायाचा शेवट वाचावा: 'माझे लोक मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर, आणि माझं वतन इस्राएल' आशीर्वादित असोत. अश्शूर म्हणजे ज्याने इ.स.पू. 722 मध्ये शोमरोन ही उत्तरेकडच्या इस्राएलाची राजधानी धुळीला मिळवली तेच. चाकर राहू द्या, त्याला भावाच्या ओळीत बसवलं आहे.

हे वचन पचवणं त्याच्या पहिल्या वारसांनाही जड गेलं. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत यशयाची सात मीटरहून लांब गुंडाळी सापडली. छप्पन्नावा अध्यायही तिच्यात आहे. त्याच परिसरातल्या दुसऱ्या एका लिखाणात मात्र शेवटच्या काळातल्या मंदिरात अम्मोनी, मवाबी, निषिद्ध संततीचा, परराष्ट्रीय आणि उपरा कधीच येणार नाही, असं ठासून लिहिलंय. वचनाची नक्कल मनोभावे उतरवायची आणि यादी मात्र अनुवादाहून लांब करायची! यरुशलेमेतल्या हेरोदाच्या मंदिरात हेच दगडात होतं. बाहेरच्या अंगणात कुणीही यावं. पुढे तीन हात उंचीचा कठडा, त्यावर ग्रीक आणि लॅटिन पाट्या. त्यातली एक अखंड ग्रीक पाटी 1871 साली सापडली, आज ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे: कुणाही परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, जो सापडेल तो आपल्या मरणाला स्वतः जबाबदार. परक्यांची अर्पणं मात्र घेतली जात. इ.स. 66 मध्ये मंदिराचा तरुण अधिकारी एलाजार याने तीही थांबवली, आणि वडीलधारे विनवत राहिले की अरे, हे मंदिर सजलं ते बहुतांशी परक्यांच्या देणग्यांनीच. तिथून युद्ध पेटलं. 70 मध्ये कठडा आणि वेदी दोन्ही गेले.

म्हणून 'ज्यूंनी दार लावलं, चर्चने उघडलं' हा सोपा हिशेब मांडणाऱ्यांना मी मिश्ना, म्हणजे रब्बींच्या निर्णयांचा जुना संग्रह, वाचायला सांगेन. यहूदा नावाचा अम्मोनी धर्मांतरित अभ्यासगृहात उभा राहून विचारतो, मी मंडळीत येऊ शकतो का? रब्बान गमलिएल म्हणतात, नाही. रब्बी यहोशवा म्हणतात, हो. कारण अश्शूरच्या सन्हेरिब राजाने येऊन सगळी राष्ट्रं कधीच कालवून टाकली, आज कोण अम्मोनी हे सांगणार कोण? त्याला घेतलं. युक्तिवाद किती कोरडा आणि किती परिणामकारक! अनुवादाचं अक्षर हललं नाही आणि बंदी लावायला माणूस उरला नाही. रूथसाठी दुसरी वाट काढली: बंदी अम्मोनी आणि मवाबी पुरुषांना, बायकांना नाही. राजा अग्रिप्पाची गोष्टही तिथेच आहे. हेरोदाच्या घराण्यातला हा राजा मूळच्या अदोमी रक्ताचा. त्याच्या पूर्वजांना यहूदी राज्यकर्ता हिर्कानस याने 'सुंता करा नाहीतर देश सोडा' म्हणून आत घेतलं होतं. मांडवाच्या सणात नियमशास्त्र वाचताना 'परक्याला आपल्यावर राजा नेमू नये' या ओळीपाशी तो आला आणि त्याचे डोळे वाहू लागले. लोक ओरडले, भिऊ नकोस अग्रिप्पा, तू आमचा भाऊ आहेस. पुढे तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, यावर शेरा आहे की ही खुशामत होती आणि ती इस्राएलाला भोवली. परंपरेने गहिवरही जपला आणि शंकाही. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या धर्मांतरिताने ज्यू पंडित मैमोनिदेसला विचारलं, प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांच्या देवा' असं मी म्हणू का? जुना मिश्ना म्हणत होता, नको. मैमोनिदेसने लिहिलं, म्हण, सगळंच म्हण, एक अक्षर बदलू नकोस; अब्राहाम तुझाही बाप.

चर्चने आपलं श्रेय घ्यावं, ते आहेच. यरुशलेमेवरून गाझाकडे जाणारा, आफ्रिकेतल्या कूश देशाचा एक षंढ रथात बसून यशया त्रेपन्न वाचत होता. तीन अध्याय पुढे त्याच्यासाठीचंच वचन होतं. 'माझ्या बाप्तिस्म्याला हरकत काय?' असा त्याचा सवाल, आणि वाटेत भेटलेल्या ख्रिस्ती प्रचारक फिलिप्पाला हरकत सापडली नाही. पुढे इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमेच्या सभेत प्रश्न आला की परराष्ट्रीयांनी सुंता करावी का. तिथला पुढारी याकोब याने आमोस संदेष्ट्याचा आधार घेतला आणि चार गोष्टी सांगितल्या: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गुदमरवून मारलेलं आणि व्यभिचार टाळावा. बाकी ओझं नाही. आमोसाचा पाठ त्याने ग्रीक वळणाचा घेतला, हा आक्षेप खरा आहे. हिब्रूत इस्राएल अदोमाचा उरलेला भाग ताब्यात घेतो, ग्रीकमध्ये उरलेली माणसं देवाला शोधतात. ताबा आणि शोध यांत जमीन-अस्मानाचं अंतर. पण निर्णयाला यशया छप्पन्नची साथ होतीच, आणि सुंता वगळून चर्च यशयाच्या पुढे गेलं हे कबूल करायला हरकत नसावी. अडचण सुरू झाली ती जेवायला बसल्यावर. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. याकोबाकडची माणसं आली आणि तो मागे सरला, त्याच्यापाठोपाठ बर्णबासुद्धा. पौलाने तोंडावर सुनावलं. पंक्तिभेद काय असतो हे महाराष्ट्रात कुणाला शिकवायला नको. बाप्तिस्मा एकच, ताटं वेगळी.

आणि मग 'आता देवाचे लोक आम्हीच, इस्राएल बाद' हा दावा. यशया 56:8 म्हणतं, जमवलेल्यांत मी आणखी जमवीन. भर घालायची भाषा आहे, बदलीची नाही. पौलानेही रोमकरांना लिहिताना रानजैतुनाच्या कलम केलेल्या फांदीला बजावलं की मुळांपुढे फुशारकी मारू नकोस. ते कुणी मनावर घेतलं नाही. 1449 मध्ये स्पेनमधल्या टोलेडोत नियम झाला की ज्यू वंशाचा ख्रिस्ती पदावर बसू शकणार नाही. पाचव्या निकोलस पोपने त्याच वर्षी निषेध केला. तरी 1547 मध्ये टोलेडोच्या कॅथेड्रलने रक्तशुद्धीची अट घातलीच. बाप्तिस्म्याने पाप धुतलं जातं पण आजोबा धुतले जात नाहीत, हे कुठल्या संदेष्ट्याचं वचन? अनुवाद तेविसातली पिढ्यांची मोजदाद, जी रब्बींनी युक्तीने निकामी केली होती, ती चर्चने मागच्या दाराने आणली. हा हिशेब गोव्यापर्यंत पोहोचला. 1560 मध्ये तिथे धर्मन्यायालय बसलं आणि पहिली नजर 'नव्या ख्रिस्त्यां'वर, म्हणजे ज्यू घराण्यांतून ख्रिस्ती झालेल्यांवर, होती. गार्सिया द ऑर्ता, ज्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, 1568 मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

अलिबाग-पेणच्या बाजूचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, या गोष्टीत दोनदा येतात, आणि दोन्ही वेळा दार उघडंच होतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून 'शनिवार तेली' हे त्यांचं नाव. शब्बाथ पाळण्याची यशयाची अट त्यांनी शतकानुशतकं, रब्बी नसताना पाळली. 1948 नंतर हजारो जण इस्रायलला गेले. विमानातून उतरू दिलं, नागरिकत्व दिलं. लग्नाची वेळ आली तेव्हा, 1962 मध्ये, मुख्य रब्बीपीठाचे निर्देश निघाले: बेने इस्राएलांशी लग्न वैध, पण आधी आई, आजी, पणजी जाईल तितकी मागे तपासा. कारण दिलं गेलं ते मिश्र विवाहाच्या आणि निषिद्ध संततीच्या शंकेचं, म्हणजे पुन्हा अनुवाद तेवीस. रब्बींचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. घटस्फोट आणि विधवाविवाहाचे रब्बीनी नियम कोकणात पोहोचलेच नव्हते. पण ही तपासणी एकाच समाजाला नाव घेऊन लावली. जेरुसलेममध्ये धरणं धरली गेली, 1964 मध्ये प्रश्न संसदेत गेला, आणि निर्देशातून समाजाचं नाव वगळावं लागलं. मात्र हे सांगताना अर्धीच गोष्ट सांगू नये. खुद्द कोकणात बेने इस्राएलांमध्ये 'गोरे' आणि 'काळे' असे दोन थर होते. काळे म्हणजे बाहेरच्या बायकांपासूनची संतती. सभास्थान एक, शब्बाथ एक, पण बेटीव्यवहार नाही. म्हणजे जो न्याय जेरुसलेमच्या रब्बींनी त्यांना लावला, तोच त्यांनी घरात आधी लावला होता.

यावरून कुणी म्हणेल, मग वचनाचा उपयोग काय, कुणीच पाळत नसेल तर? उपयोग हा की त्याने मोजमाप हातात दिलं. निर्वासितांच्या बाजूने किंवा धर्मांतराच्या विरोधात बोलणाऱ्या दोघांनाही ते लावता येतं. किती जणांना आत घेतलं हे विचारून काही कळत नाही. हेरोदाच्या अंगणात पुष्कळ गर्दी असे. विचारायचं ते हे: नव्याला लावलेली अट जुन्यालाही आहे का? त्याच्या मुलीशी लग्न ठरवताना किती पिढ्या तपासता? आणि वेदीपाशी कोण उभं राहतं?

शेवटच्या प्रश्नाला गोव्याचं उत्तर असं आहे. दिवाडीच्या मातेउश द कास्त्रो याला गोव्याच्या आर्चबिशपने याजकपद नाकारलं. तो होता बाटलेल्या ब्राह्मणाच्या घरातला. तो रोमला गेला, तिथे याजक झाला, आणि 1637 मध्ये बिशप. परतल्यावर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याचं पद मानलं नाही, तेव्हा त्याने आदिलशाही मुलखात, डिचोलीत मुक्काम केला: कॅथलिक बिशप, आसरा मुसलमान सुलतानाचा. दीडशे वर्षांनी, 1787 मध्ये, बढत्या मिळत नाहीत म्हणून चिडलेल्या गोमंतकीय याजकांची नावं पिंटोंच्या, म्हणजे पोर्तुगीज सत्ता उलथवण्याच्या, कटात आली. पोर्तुगीज राज्य 1961 मध्ये गेलं. सोळाव्या शतकातल्या त्या आर्चडायोसीसच्या गादीवर पहिला गोंयकार आर्चबिशप, राऊल गोन्साल्विस, बसला तो 1978 साली.